आत्मिक आशीर्वाद की ऐहिक? दानाची पाकिटं मोजणारीच्या टेबलावरून

भाचा गेल्या महिन्यात एका रविवारी जेवायला आला तो फ्लॅटच्या नकाशाची सुरळी काखेत मारूनच. कोल्हापूरजवळ उचगावच्या बाजूला वन बीएचके. बँकेनं कर्ज मंजूर केलंय, बिल्डरला द्यायच्या विसाराचे पैसे जमलेत. एवढी आनंदाची बातमी, आणि पोरगं जेवताना गप्प. ताट उचलताना म्हणाला, "मावशी, देवाकडं मागायचं तरी काय असतंय? घर मागायचं का मनाला शांती मागायची? एका ठिकाणी हे सांगतात, दुसऱ्या ठिकाणी ते."

प्रश्न वरवर देवाधर्माचा होता. आत तो पन्नास हजारांचा होता.

तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कामाला आहे. लहानपणापासून आमच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीतला; मंडळी म्हणजे चर्च, आणि चर्चच्या इमारतीला आम्ही देऊळच म्हणतो. पण सहा-आठ महिने झाले, नवरा-बायको शुक्रवारी संध्याकाळी एका हॉलमधल्या प्रार्थनासभेला जातात. तिथं त्यांना सांगितलं गेलं की घर घेण्याआधी 'विश्वासाचं बी' पेरा, पन्नास हजार द्या, शंभरपट परत येईल. आणि त्याच आठवड्यात आमच्या देवळात पाळकसाहेबांनी उपदेश केला तो 'पृथ्वीवर संपत्ती साठवू नका' यावर. पोरगं सापडलं मधोमध.

मी काही सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलेली नाही. एका सहकारी बँकेत कॅशियर होते. नोकरीत होते तेव्हापासून, गेली अकरा वर्षं, उपासनेनंतर दानाची मोजणी माझ्याकडं आहे. त्यामुळं आशीर्वादाबद्दल लोक साक्ष देताना काय बोलतात त्यापेक्षा पाकिटावर काय लिहितात, ते मी जास्त वाचलंय. त्या टेबलावरून जे दिसतं ते इथं लिहिते. भाच्यासारखा पेच पडलेली अजून चार-पाच घरं तरी मला ठाऊक आहेत.

दोन्हीकडची बाजू

ऐहिक आशीर्वाद म्हणजे हाताला लागणारे: तब्येत, मूलबाळ, पगार, घर, पाऊसपाणी. पवित्र शास्त्रानं, म्हणजे बायबलनं, त्यांना नाक मुरडलेलं नाही. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २८वा अध्याय काढा. नगरात आशीर्वाद, शेतात आशीर्वाद, पोटचं फळ, जमिनीचा उपज, गुराढोरांची वाढ, आणि मग टोपली आणि कणीक मळायची काथवट. देव स्वयंपाकघरात काथवटीपर्यंत येऊन बसतो, हे मला फार आवडतं. हॉलमधले सेवक, म्हणजे तिथले उपदेशक, हा अध्याय वाचून दाखवतात तेव्हा ते खोटं वाचत नाहीत. मलाखीच्या पुस्तकातलं, दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) आणला तर देव आकाशकपाटं उघडील, हे वचनही खरंच आहे, आणि योहानाच्या तिसऱ्या पत्रात गायसाला 'तुझी भरभराट होवो, तब्येत चांगली राहो' अशी सदिच्छाही दिलेली आहे.

पण अनुवादाच्या त्या अध्यायात पहिली १४ वचनं आशीर्वादाची आणि पुढची ५४ शापाची आहेत. कॅलेंडरवर पहिलीच छापतात. शिवाय ती बोलली गेली एका आख्ख्या लोकसमूहाला, देशात शिरण्याच्या उंबरठ्यावर. तिथं आशीर्वाद यायचा तर पाऊस सगळ्या शिवारावर पडणार होता, एकट्याच्या गट नंबरावर नाही.

आत्मिक आशीर्वादांची यादी इफिसकरांच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे म्हणतात, पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत झाली नसावी. निवड, दत्तकपणा, खंडणी भरून सुटका, अपराधांची क्षमा, वतन, पवित्र आत्म्याचा शिक्का. या यादीत नोकरी नाही, प्लॉट नाही, तब्येतसुद्धा नाही. आणि भाच्याच्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे तिथलं क्रियापद भूतकाळी आहे. आशीर्वाद दिला आहे. म्हणजे 'हे मागू का ते मागू' असा प्रश्नच नीट बसत नाही. एक गोष्ट खात्यात आधीच जमा आहे, दुसरी रोज मागून आणायची आहे. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागितलीय ती 'रोजची', आणि तीही 'आज'.

पाकिटांवरची कारणं

उपासना सुटली की देवळामागच्या खोलीत आम्ही तिघं बसतो. एकजण नोटा लावतो, एकजण स्टीलच्या डब्यातली चिल्लर मोजतो, मी पाकिटं फोडते. उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार म्हणून दिलेल्या दानाच्या, पाकिटावर तीन ओळी छापलेल्या असतात: नाव, रक्कम, कारण. नाव आणि रक्कम वहीत चढते, पावती फाडली जाते. कारणाला वहीत रकाना नाही. रिकामी पाकिटं रद्दीत जातात, म्हणून मी ती फोडताना वाचून घेते.

मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास. अपेंडिक्सचं ऑपरेशन सुखरूप. बोअरला पाणी लागलं. नातू झाला. नवीन ॲक्टिव्हा. मुलाला कायम केलं. लग्नाला २५ वर्षं. अकरा वर्षांत शंभरातली नव्वद-पंच्याण्णव पाकिटं अशीच. कुणी 'माझ्या पापांची क्षमा झाली' म्हणून शंभर रुपये टाकलेत असं मला एकदाही आठवत नाही, आणि मी स्वतःही कधी टाकलेले नाहीत.

यावर हसणं सोपं आहे. आमच्यातले काही वडीलधारे हसतातही, 'लोकांना गाडीच्या पलीकडं काय दिसत नाही' म्हणून. पण ती ॲक्टिव्हाची बाई रोज पहाटे दोन वडाप (शेअर जीप) बदलून दवाखान्यात आयाच्या ड्यूटीला जायची आणि रात्री अंधारात परत यायची. तिच्यासाठी ती गाडी म्हणजे वाहन नव्हतं, उजेडात घरी पोचणं होतं. तिनं ५०१ रुपये टाकले होते. त्याला ऐहिक म्हणा नाहीतर काही म्हणा.

उलट बाजूची एकच चिठ्ठी माझ्या ध्यानात राहिलीय. वीसची नोट, पिनेनं पाकिटाला टोचलेली, आणि कारण लिहिलेलं: 'भाऊ बोलला.' वडिलार्जित सव्वा एकरावरून दोघा भावांचं चौदा वर्षं बोलणं नव्हतं हे अख्ख्या मंडळीला माहीत. दोघं एकाच देवळात, एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या, प्रभुभोजनाला सुद्धा वेगवेगळ्या रांगेत. जमिनीचं काय झालं? काही नाही, दावा अजून चालूच होता. बोलणं तेवढं सुरू झालं.

लूकाच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात. दहाच्या दहा. परत येऊन पाया पडतो एकच, तोही शोमरोनी, परका. 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' हे वाक्य त्या एकट्याला ऐकायला मिळतं. बाकी नऊ जणांची कातडी मात्र कुणी परत घेतली नाही. आभार मानले नाहीत म्हणून रोग उलटला, असं लूक लिहीत नाही. ऐहिक आशीर्वादाची ही तऱ्हा ध्यानात ठेवावी. तो विश्वास न तपासताही मिळतो, आणि म्हणूनच त्याच्यावरून कुणाचा विश्वास तपासता येत नाही. सूर्य आणि पाऊस चांगल्या-वाईट दोघांवर, हे तर येशूनं डोंगरावरच सांगून टाकलंय.

पाणी किती फुटावर आलं

कोल्हापुरात पावसाळ्यात कुणी भेटलं की आधी विचारतात, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या सखल भागांत माणसं बोटीतून काढावी लागली. २०२१ ला पुन्हा तेच.

२०१९ चं पाणी ओसरल्यावरची पहिली उपासना. देवळात अजून ओल्या कापडांचा वास. देवानं काय केलं ते उभं राहून सांगायची, साक्षीची वेळ आली आणि एक बहीण उठून म्हणाली, "पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि थांबलं. प्रभूनं आमचं घर राखलं, त्याच्या नावाला गौरव असो." सगळे 'आमेन' म्हणाले. मीही म्हणाले. तिच्या मागच्याच बाकावर जी बसली होती तिची शिलाई मशीन, धान्याची कोठी, पोरांची सर्टिफिकिटं असं सगळं चिखलात गेलं होतं. ती गीतपुस्तकात बघत बसली. त्या दिवशी गायचं गीत कधीच संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघीजणी तिच्याकडं चिखल काढायला गेलो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीची रेघ. मी काहीतरी धीराचं बोलायला गेले, तर ती खराटा मारता मारता म्हणाली, "बाई, पाणी कुणाची प्रार्थना बघून थांबत नाय. ते उतार बघतंय."

ऐहिक आशीर्वादाची गोची इथं आहे. माझं घर वाचलं ते देवानं राखलं म्हणून, असं म्हणताच तुझं का बुडालं याचंही उत्तर मी न बोलता देऊन बसते. उंबऱ्यावर थांबलेल्या पाण्याबद्दल आभार मानू नयेत असं मी म्हणत नाही, जरूर मानावेत. पण त्याचा दाखला करून भिंतीला लावू नये.

हॉलमधले सेवक अशा वेळी बायबलमधल्या ईयोबाचं, सगळं गमावलेल्या नीतिमान माणसाचं, उदाहरण देतात: बघा, शेवटी सगळं दुप्पट मिळालं. खरं आहे. मेंढरं ७,००० ची १४,००० झाली, उंट ३,००० चे ६,०००, बैलांच्या ५०० जोड्यांच्या १,०००. फक्त मुलांची संख्या दुप्पट झालेली नाही. आधी सात मुलगे आणि तीन मुली होत्या, नंतरही तेवढेच. गेलेल्या दहांची भरपाई वीस देऊन होत नसते, हे लिहिणाऱ्याला नक्की ठाऊक असणार.

आणि त्या शिलाई मशीनवालीजवळ काय उरलं? तिला विचारलं तर ती आत्मिक आशीर्वाद वगैरे शब्द वापरणार नाही. मी बघितलं ते एवढंच, की सरकारी मदतीचा फॉर्म भरताना शेजारच्यांनी न गेलेल्या वस्तू लिहिल्या आणि तिनं लिहिल्या नाहीत. "खोटं लिहून पुन्हा त्याच्यापुढं गुडघं कसं टेकू?" पंचगंगेनं तिचं जे नेलं नाही ते हे.

बी, ऊस आणि शंभरपट

आता पन्नास हजारांच्या बियाण्याकडं येते, कारण निर्णय तिथं अडलाय.

ही भाषा काही पेठवडगावात जन्मली नाही. दान म्हणजे बी, आणि पीक म्हणजे पैसा, ही मांडणी विसाव्या शतकात अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रचारकांनी रूढ केली आणि टीव्हीवरून ती जगभर गेली. पुढं आफ्रिकेतल्याच ख्रिस्ती अभ्यासकांनी, लोझान या जागतिक ख्रिस्ती चळवळीच्या घानामधल्या २००८ आणि २००९ च्या बैठकांत, या शिकवणुकीवर एक निवेदन तयार केलं. त्यात देव आशीर्वाद देतो हे मान्यच आहे. पण संपत्ती ही विश्वासाची खूण आणि गरिबी ही अविश्वासाची, हे मात्र त्यांनी साफ नाकारलं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण ते बोलणारे पोटभर जेवलेले युरोपातले प्राध्यापक नव्हते.

पेरणीचा दृष्टान्त पौलानंही वापरलाय, हे लपवण्यात अर्थ नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात, हात राखून पेरील तो त्या मानानंच कापील. पण पुढं-मागं वाचा. तो पैसा पौल स्वतःसाठी मागत नव्हता, यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी चालली होती. आणि पीक कसलं? नीतिमत्त्वाचं, आणि देवाच्या उपकारस्तुतीचं. मलाखीतला दशांशही असाच. तो मंदिराच्या कोठारात यायचा, धान्यरूपानं. अनुवादाच्या १४व्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातल्या लेव्याला (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्याला), परक्याला, अनाथाला आणि विधवेला पोटभर जेवता यावं म्हणून राखून ठेवायला सांगितलाय. आकाशकपाटं उघडायची अट अशी विधवेच्या ताटावरून जाते. हॉलमध्ये हे वाचत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आमच्या मंडळीच्या पंचांच्या बैठकीतही क्वचितच वाचतात.

शंभरपट हा शब्द मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, शंभरपट, आणि ते याच काळात. पण त्याच वाक्यात 'छळणुकीबरोबर' असंही आहे, तेवढं गाळलं जातं. मी भाच्याला म्हटलं, शंभर घरं म्हणजे शंभर सातबारे नव्हेत रे. जिथं न विचारता चपला काढून आत जाता येतं अशी शंभर दारं. पौलाला तशी मिळाली होती. स्वतःचं एकही नव्हतं.

भाच्याचे सासरे करवीर तालुक्यातले, ऊसवाले. ते आमच्या बोलण्यात मधेच म्हणाले, "बी-बी काय लावलंय? उसाला बी नसतंयच, टिपरी लावतात. आडसाली लावला तर सोळा-अठरा महिने वाट बघायची, मग तोडीसाठी चिठ्ठीची वाट बघायची, मग बिलाची. आणि शंभरपटाची हमी तर कारखान्यानं बी कधी दिली न्हाई." माणूस विश्वासू, पहाटे उठून प्रार्थना करणारा. पण शेतकऱ्याला पेरणीवर प्रवचन देताना जरा जपून.

माझी कॅशियरची नजर आणखी एक गोष्ट बघते. पन्नास हजार टाकून पन्नास लाखांची अपेक्षा असेल तर त्याला दान म्हणायचं का? बँकेत आम्ही त्याला ठेव म्हणायचो, आणि इतका व्याजदर दाखवणाऱ्या ठेवीपासून खातेदाराला चार हात लांब ठेवायचो. दान द्यायचं तर परत आलं नाही तरी चालेल इतकंच द्यावं. परत यायलाच पाहिजे असं वाटत असेल तर ती रक्कम अजून खिशातून सुटलेली नाही.

आमच्या बाजूचा दोष

एवढं बोलल्यावर भाच्याची बायको, जी तोवर गप्प होती, म्हणाली, "मावशी, मला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा हॉलमधल्या दोन बहिणी रात्री थांबायला आल्या होत्या. डबा घेऊन. आपल्या देवळातून चौथ्या दिवशी फोन आला."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आमच्या जुन्या मंडळ्यांना भाकरीबद्दल मोठ्यानं बोलायची लाज वाटते, आणि त्या लाजेला इतिहास आहे. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, शाळा काढल्या. तिकडं मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला. तिथं बरी झालेली बहुतेक माणसं ख्रिस्ती नव्हती आणि पुढंही झाली नाहीत. तरी ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना टोमणा एकच, 'भाकरीसाठी बाटले.' माझ्या आजोबांनी तो जन्मभर ऐकला. त्यामुळं घरात शिकवण अशी की देवाकडं पोटाचं काही मागायचं नाही, लोक काय म्हणतील. दुष्काळातल्या वर्षीसुद्धा आजोबा प्रार्थनेत 'आत्मिक अन्न' म्हणायचे. आजी पदराआड पुटपुटायची, "नुसतं अन्न म्हणा की."

आजी बरोबर होती असं मला आता वाटतं. याकोबाच्या पत्रात उघड्या-उपाशी भावाला 'सुखी राहा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून हात हलवत पाठवणाऱ्यांची चांगली हजेरी घेतलीय. आत्मिक आशीर्वाद हे ज्याच्या घरी धान्य आहे त्यानं नसलेल्याला द्यायचं समाधान नव्हे. मंडळीच्या खात्यात पडून असलेल्या मुदत ठेवी मला पाठ आहेत, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे असं समजते.

विसार आणि वतन

मराठी पवित्र शास्त्रातले दोन शब्द या सगळ्यात मला सोडत नाहीत. इफिसकरांच्या त्याच अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा 'विसार' म्हटलंय. भाच्याच्या पिशवीत त्याच दिवशी कोरी विसारपावती होती. त्याला मी विचारलं, विसार दिल्यावर फ्लॅट तुझा होतो का? म्हणाला, "ताबा न्हाई मिळत. पण दुसऱ्याला विकता येत न्हाई."

झालं तर. ताबा मिळालेला नाही, पण व्यवहार पक्का. आत्मिक आशीर्वादाचं रूप असंच आहे. सगळा आनंद, सगळी शांती आत्ताच हातात येते, असं जो सांगतो तोही अतिशयोक्ती करतो. क्षमा झालेली असते आणि तरी रात्री झोप येत नाही. पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नव्हता.

दुसरा शब्द वतन. कोल्हापूर-मिरजेकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांसारखंच आमचं घराणंही मूळचं महार वतनदारांतलं. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा, आणि त्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावची वेठ. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात महार वतन रद्द केलं, तेव्हा कुठं ती गाठ सुटली. माझ्या पणज्यानं 'ख्रिस्ताच्या ठायी आम्हांला वतन मिळाले' हे वाक्य पहिल्यांदा वाचलं असेल तेव्हा तो आधी दचकला असेल की हसला असेल, मला नेहमी प्रश्न पडतो. वेठ नसलेलं वतन! जमीन मिळाली की माणूस जमिनीचा होतो, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. वीस वर्षांच्या हप्त्यांवर सही करणाऱ्यालाही ते लवकरच कळेल.

मग करायचं काय

सगळ्यांना एकच उत्तर लागू होत नाही. ज्याच्या घरी आजारपण आहे, नोकरी गेलीय, मुलांची फी थकलीय, त्यानं सरळ तेच मागावं, नाव घेऊन, रक्कम सांगून. त्याला आत्मिक आशीर्वाद श्रेष्ठ म्हणून सांगायला जाऊ नये, आधी तांदूळ न्यावेत. ज्याचं बरं चाललंय आणि तरी प्रत्येक प्रार्थना पुढच्या वस्तूचीच होतेय, त्यानं मात्र एक महिना काही न मागता नुसती इफिसकरांची यादी वाचून बघावी. जड जातं. मी करून बघितलंय, नवव्या दिवशी गुडघेदुखी मधे आलीच.

नीतिसूत्रांच्या ३०व्या अध्यायात आगूर नावाचा माणूस प्रार्थना करतो की मला दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको, लागेल तेवढं अन्न दे. कारणही देतो: पोट भरलं तर तुला विसरेन, रिकामं राहिलं तर चोरी करीन. दोन्हीकडचा धोका इतक्या थोडक्यात ओळखणारा दुसरा कुणी मला भेटला नाही. माझा कौल विचाराल तर आगूरच्या बाजूनं.

हॉल की देऊळ? मी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. जमलेल्या पैशाचा हिशोब वर्षाला वाचून दाखवतात का? ज्याला मिळालं नाही त्याला तुझा विश्वास कमी पडला म्हणतात का? आणि आजारी माणसाजवळ रात्री कोण थांबतं? पहिल्या दोन प्रश्नांत आमचं देऊळ पुढं आहे, तिसऱ्यात हॉल. भाच्यानं मिटवलं असं की शुक्रवारी तिकडं जायचं, रविवारी इकडं, आणि पन्नास हजार कुठंच न देता बिल्डरच्या विसारातच घालायचे. हॉलमध्ये थोडी नाराजी झाली म्हणे. दशांश मात्र तो पगारातून देतो, आधीसारखाच, त्यातला थोडा भाग आता त्या दोन बहिणींच्या हातात, दवाखान्यात डबे न्यायला.

बायकोनं विचारलं, "मावशी, घर झाल्यावर पाकिटावर काय लिहायचं? ऐहिक वाटंल की नुसतं घर लिहिलं तर."

"घर झालं म्हणूनच लिही. खोटं कशाला?"

रजिस्ट्री अजून व्हायचीय. स्टॅम्प ड्यूटीला चाळीस हजार कमी पडतायत. गल्लीतल्या भिशीत तिचा नंबर लागायचा आहे, १० तारखेला चिठ्ठी निघते, आणि ती आपल्याच नावाची निघावी म्हणून ती रोज प्रार्थना करते. त्याच भिशीत ती शिलाई मशीनवालीही आहे, तिलाही मुलीच्या फीसाठी नंबर हवाय. मी दोघींसाठी मागते.